‘घरी सोडले’ असं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

पक्षाघाताच्या रुग्णांचं पुनर्वसन करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक, आणि रुग्ण घरी जाऊ शकेल की नाही याचे अंदाज बांधणारे संशोधक,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ अशी आहे : ‘रुग्णास घरी सोडले.’ पक्षाघाताचा झटका आल्यापासूनचा तो ४१वा दिवस होता. तुमच्या वहीत, संगणकात, कदाचित पुढेमागे एखाद्या शोधनिबंधाच्या तक्त्यातही बाबा ‘घरी गेले’ या रकान्यात असतील. दाखल झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्हाला जो अंदाज सांगितला गेला, तोही हाच होता. म्हणजे अंदाज बरोबर आला.

घरी आल्यानंतरच्या अकराव्या रात्री, तीनच्या सुमारास, बाबा एकटेच लघवीला उठले. आई शेजारच्या पलंगावर होती. दहा रात्री जागून काढल्यावर त्या रात्री तिला गाढ झोप लागली. बाबांचा डावा पाय चादरीत गुंतला होता आणि तो गुंतला आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, कारण झटक्यानंतर डावी बाजू त्यांच्या ध्यानातच नसे. ते डाव्या कुशीवर पडले. आईने काखेत हात घालून त्यांना उचलायचा प्रयत्न केला, त्यात तिच्या कमरेत उसण भरली. सकाळी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की बाबांचं खुब्याचं हाड मोडलं आहे.

तुम्ही बाबांसाठी जे केलंत ते मी विसरलेले नाही. बिछान्यावर बसवलं तर पोत्यासारखा डावीकडे कलंडणारा माणूस पाच आठवड्यांत काठी धरून वीस पावलं चालू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावरही थांबून त्यांच्याकडून ‘अजून एकदा’ करवून घेणारी ती तरुण थेरपिस्ट मला रोज आठवते. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. ज्यांनी इतकं मन लावून काम केलं, त्यांनाच सांगण्यात अर्थ आहे.

सांगायचं आहे ते एवढं : रुग्ण घरी जाऊ शकेल का, हा प्रश्न तुम्ही रुग्णाच्या शरीराला विचारता. त्याचं निम्मं उत्तर घराकडे असतं. आणि घराला तो प्रश्न कुणी नीट विचारत नाही.

शरीराकडून उत्तर काढण्यात तुमचं शास्त्र किती पुढे गेलं आहे, ते मी नंतर वाचत गेले. खुबा मोडल्यावर बाबांचा रुग्णालयातला दुसरा मुक्काम सुरू होता, मला झोप लागत नव्हती आणि माझ्याकडे रात्री होत्या. १९६५ साली फ्लॉरेन्स मॅहोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी दहा रोजची कामं निवडली – जेवणं, अंघोळ, कपडे, शौच-लघवीवरचा ताबा, खुर्चीत बसणं, जिने चढणं वगैरे – आणि त्यांना मिळून १०० गुण ठेवले. तो बार्थेल निर्देशांक आजही वापरात आहे. पुढे १९८०च्या दशकात ‘फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर’ आलं, ज्याला वॉर्डात सगळे ‘फिम’ म्हणायचे : १३ कामं शरीराची, ५ समजण्याची आणि बोलण्याची, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज १८ ते १२६. झटक्याची तीव्रता मोजायची ती एनआयएचएसएस पट्टी वेगळी, ०पासून ४२पर्यंत. तोल मोजायचा तर बर्गची पट्टी, ५६ गुणांची.

आणि हे आकडे बोलतात. नेदरलँड्समधला एक अभ्यास मी दोनदा वाचला. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत रुग्ण आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकला आणि लुळ्या पायात थोडी तरी हालचाल असली, तर सहा महिन्यांनी तो कुणाच्या मदतीविना चालण्याची शक्यता सुमारे ९८ टक्के. दोन्ही नसेल तर सुमारे २७ टक्के. आणि नवव्या दिवशीही दोन्ही नसेल तर ती सुमारे १० टक्क्यांवर येते. बिछान्याच्या कडेला बसवून, घड्याळ लावून, कुठल्याही यंत्राविना इतकं कळू शकतं! हे वाचून मला तुमच्या कामाबद्दल नव्याने आदर वाटला. त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. २७चे १० व्हायला मध्ये जेमतेम सहा दिवस जावे लागतात. म्हणजे अंदाज ही एकदा सांगून मोकळं व्हायची गोष्ट नाही. तो शिळा होतो. आम्हाला दुसऱ्या आठवड्यात सांगितलेला अंदाज डिस्चार्जच्या दिवसापर्यंत तसाच राहिला. मधल्या काळात बाबा बदलले होते. घरातही बदल झाला होता, कारण त्याच काळात माझ्या भावाची बदली झाली आणि रात्री घरात असणारी माणसं तीनवरून दोनवर आली : बाबा आणि आई. मी वेगळ्या शहरात राहते. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पहिल्या दिवशी फॉर्मवर ‘घरात कोण कोण असतं’ या प्रश्नापुढे आम्ही लिहिलेलं उत्तर तसंच पुढे चालत आलं होतं.

आता फिमच्या एका आकड्याबद्दल लिहायचं आहे, कारण सगळं त्यात अडकलं आहे.

डिस्चार्जच्या वेळी बाबांना ‘शौचकुपापर्यंत जाणं-बसणं-उठणं’ या कामासाठी ५ गुण होते. फिममध्ये ७ म्हणजे माणूस ते काम स्वतः, बिनधोक, वेळेत करतो. ६ म्हणजे काठी-कठडा लागतो किंवा वेळ जास्त लागतो, पण दुसरं माणूस लागत नाही. ५ म्हणजे हात लावावा लागत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून लक्ष ठेवायचं, ‘आधी पाय, मग काठी’ अशी आठवण करून द्यायची. ४ला थोडा हात लावावा लागतो, पण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त काम रुग्णच करतो. असं करत १पर्यंत.

कागदावर ५ आणि ६ यांत एका गुणाचा फरक आहे. घरात तो फरक एका जाग्या माणसाचा आहे.

वॉर्डात ते जागं माणूस तीन पाळ्यांत वाटलेलं असतं. सकाळची परिचारिका दुपारी घरी जाते, रात्रीची ताजी येते. घरी ते माणूस एकच होतं, ६८ वर्षांचं, दोन्ही गुडघे दुखणारं, रक्तदाबाची गोळी घेणारं. बाबा रात्री तीनदा उठत. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. पुन्हा डोळा लागायला अर्धा तास. हा हिशोब कुठल्याही पट्टीत नाही, पण तो करायला कुठलंही शास्त्र लागत नाही. नुसतं विचारावं लागतं : रात्री कितीदा उठतात, आणि उठवायला कोण आहे?

त्यात बाबांचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा. अशा रुग्णांचं बोलणं बहुतेक वेळा शाबूत असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बाबा वर्तमानपत्र वाचत (पानाची डावी बाजू सोडून), डॉक्टरांशी गप्पा मारत, ‘मी ठणठणीत आहे’ असं सांगत. ते खोटं बोलत नव्हते. आपल्याला काय जमत नाही हेच न कळणं, हा त्या आजाराचा भाग आहे. उजव्या बाजूला लकवा झालेला, बोलणं गेलेला शेजारच्या खाटेवरचा माणूस मदतीशिवाय हलतही नसे. त्याचे गुण बाबांपेक्षा कमी होते. पण त्याला स्वतःच्या मर्यादेचं भान होतं; तो खूण करून हाक मारी आणि वाट पाही. रात्री सांभाळायला तो बाबांपेक्षा सोपा होता असं मला आज वाटतं. बेरजेत हे दिसत नाही. बेरीज म्हटली की १८ वेगवेगळी कामं एका रकमेत विरघळतात, आणि ज्या एका कामावर घरातली रात्र अवलंबून असते ते त्या रकमेत हरवतं.

संशोधक मंडळींनो, तुमच्या अभ्यासांत काय सापडतं तेही मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. वय, दाखल होतानाचे फिमचे गुण, समज आणि स्मृती, एका बाजूचं भान नसणं, लघवीवरचा ताबा जाणं – हे घरी जाण्याच्या किंवा न जाण्याच्या अंदाजात पुन्हा पुन्हा येतात. आणि त्याच्या बरोबरीने, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत, पुन्हा पुन्हा येतं ते म्हणजे घरात कोण आहे. रुग्ण एकटा राहतो की जोडीदारासोबत, घरात किती माणसं आहेत, सांभाळायला तयार असलेलं कुणी आहे का. म्हणजे घर महत्त्वाचं आहे हे तुमच्याच आकड्यांनी सिद्ध केलेलं आहे. मग ते मोजताना ‘काळजी घेणारे : आहे / नाही’ इतक्याच दोन चौकटी का? बाबांच्या गुडघ्याची ताकद तुम्ही शून्य ते पाच अशा पट्टीवर मोजलीत. आईच्या गुडघ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ‘आहे’ या चौकटीत बरोबरची खूण झाली आणि आई त्या खुणेत मावली.

तुम्ही म्हणाल, आम्ही विचारलं होतं. हो, विचारलं होतं. तो प्रसंग मला लख्ख आठवतो. राउंड चालू होता. बाबा खुर्चीत बसले होते, आई त्यांच्या मागे उभी होती. मोठ्या डॉक्टरांनी हसून विचारलं, “काय आई, घरी न्यायचं ना आता? होईल ना तुम्हाला?” बाबांनी मान वळवून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “होईल की.”

दुसरं काय म्हणणार होती ती? चव्वेचाळीस वर्षांचा संसार, नवरा समोर बसून तोंडाकडे पाहतो आहे, सहा माणसं भोवती उभी आहेत. त्या जागी त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. रात्री फोनवर ती मला म्हणाली होती, “मला भीती वाटते गं. पडले तर मी एकटी काय करू?” हे वाक्य तुमच्या फाइलमध्ये जायला हवं होतं. बाबांच्या घरी जाण्याच्या अंदाजासाठी त्या आठवड्यात याहून मोलाची माहिती दुसरी नव्हती. मीही ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचवलं नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी इतकं मोजून-मापून ठरवलं आहे, त्यात आईच्या भीतीला काय किंमत असणार.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. काळजी घेणाऱ्या माणसाला एकटं भेटा. रुग्णासमोर नको, राउंडमध्ये नको, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तर नकोच. पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर दर आठवड्याला, दार लावून, खुर्चीवर बसवून दहा मिनिटं. ‘होईल ना’ असं विचारू नका. काय काय करावं लागेल ते सांगा आणि त्यातलं कोणतं काम जमणार नाही ते विचारा. स्वतःच्या दुखण्यांबद्दल विचारा, नोकरीबद्दल विचारा, झोपेबद्दल विचारा, घरात आणखी कुणाला सांभाळावं लागतं का ते विचारा. आणि ‘मला हे झेपणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते प्रेम कमी आहे म्हणून नव्हे, हे त्या माणसाला कळेल अशा आवाजात विचारा. हा आवाज तुमच्यातल्या बहुतेकांकडे आहे. मी ऐकला आहे.

दुसरं : घर मोजा. जमेल तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टने स्वतः जाऊन पाहावं, नाही जमलं तर मोबाइलवरचे व्हिडिओ आणि टेप घेऊन नातेवाइकांनी मोजावं. पलंगाची उंची, पलंगापासून संडासापर्यंतची पावलं, मध्ये किती उंबरे, दाराची रुंदी, पायऱ्यांना कठडा कोणत्या बाजूला. ही शेवटची गोष्ट किती लहान वाटते! पण डावी बाजू लुळी असलेल्या माणसाला चढताना कठडा डावीकडे असला तर तो नसल्यासारखाच. तुमच्या व्यायामाच्या हॉलमध्ये लाकडी पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे होते. बाबांना जिन्यासाठी मिळालेले गुण त्या जिन्याचे होते. आमचा जिना वेगळा होता.

तिसरं : रंगीत तालीम करा. डिस्चार्जच्या आधी एक-दोन रात्री आईला वॉर्डातच, किंवा असेल तर वेगळ्या खोलीत, बाबांचं सगळं एकटीने करू द्या. परिचारिका बाहेर असू देत, हाक मारल्यावर यायला. किंवा शनिवार-रविवार घरी पाठवून सोमवारी परत बोलवा. काही ठिकाणी हे करतात. दोन रात्रींत जे कळलं असतं ते कळायला आम्हाला खुब्याचं हाड मोडावं लागलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ‘नातेवाइकांना शिकवा, म्हणजे झालं’ असं म्हणणं सोपं आहे, मीही तसंच म्हणणार होते. पण तेवढ्याने भागत नाही असं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. ब्रिटनमधल्या ‘ट्रॅक्स’ नावाच्या चाचणीत ३६ पुनर्वसन केंद्रांतले ९२८ रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे ९२८ जण होते. ठरावीक अभ्यासक्रमाने दिलेलं प्रशिक्षण नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस ठरलं नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत कुटुंबीयांना शिकवून त्यांच्याकडून घरी पुनर्वसन करवून घेतलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन, असं शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या दोन्ही गटांत, ४७ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. याउलट जिथे डॉक्टर-थेरपिस्ट-परिचारिका यांचं एकत्र काम करणारं पथकच रुग्णामागोमाग घरी जातं, त्या पद्धतीचे निकाल चांगले आहेत : रुग्णालयातला मुक्काम काही दिवस कमी होतो आणि सौम्य ते मध्यम तीव्रतेच्या रुग्णांत पुढे परावलंबी राहणाऱ्यांचं प्रमाणही घटतं. यातून मला जे समजतं ते असं. आईला आणखी चार गोष्टी शिकवल्या असत्या तरी ती एकटीच राहिली असती. तिला हवं होतं दुसरं माणूस. शिकवणं हे माणसाला पर्याय होत नाही, आणि अंदाज बांधताना ‘नातेवाइकांना प्रशिक्षण दिले’ ही खूण ‘घरी मदत आहे’ या जागी धरली जाऊ नये.

आता त्या ‘घरी गेले’ या रकान्याकडे परत येते.

रुग्ण घरी जाईल का याचा अंदाज बांधणारी तुमची संगणकी सूत्रं जुन्या नोंदींवरून शिकतात. मागच्या इतक्या रुग्णांपैकी कोण घरी गेले आणि कोण गेले नाहीत, यावरून पुढच्याचं भाकीत. पण ‘घरी गेले’ यात किती वेगवेगळी माणसं आहेत! चालत जाऊन स्वतःच्या खुर्चीत बसलेला, आणि स्ट्रेचरवरून नेऊन मागच्या खोलीत ठेवलेला. सांभाळायला चौघं असलेला, आणि दुसरी कुठलीच सोय नाही म्हणून घरी गेलेला. जिथे घराशिवाय दुसरा पर्यायच नसतो तिथे जवळजवळ प्रत्येक जण घरीच जातो. तिथल्या नोंदींवर शिकलेलं सूत्र दुसरीकडे नेलं, किंवा दुसरीकडचं तिथे आणलं, तर ते रुग्णाबद्दल बोलेल की त्या जागच्या व्यवस्थेबद्दल? दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर तपासल्याखेरीज कुठलंही सूत्र वापरू नये हे तुम्हाला माहीत आहे. अशा सूत्रांचा अहवाल कसा द्यावा याची ‘ट्रायपॉड’ ही नियमावली २०१५पासून आहे आणि यंत्रशिक्षणावर (मशीन लर्निंगवर) आधारलेल्या सूत्रांसाठी २०२४मध्ये ती नव्याने आली. तरी नातेवाइकाच्या कानावर येतं ते एवढंच : “कॉम्प्युटरनुसार ऐंशी टक्के चान्स आहे.” ऐंशी टक्के म्हणजे यांच्यासारख्या शंभरांतले ऐंशी घरी गेले आणि वीस गेले नाहीत, तुमचे बाबा कोणत्या गटात, हे सूत्राला माहीत नाही – हे वाक्य त्याला जोडून सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. आणि सूत्राने ज्यांना ऐंशी टक्के सांगितलं त्यांच्यातले खरोखर ऐंशीच्या आसपास गेले का, की साठच, हे तुम्ही तुमच्या स्वतःच्या वॉर्डात कधी मोजून पाहिलंत? दोन रुग्णांतला कोण अधिक बरा हे ओळखणारं सूत्र चांगलं असूनही त्याचे टक्के चुकलेले असू शकतात. आमच्यासारखे लोक मात्र त्या टक्क्यांवर घरातली रजा, नोकरी आणि पैसा मांडून बसतात.

यावर एक उपाय तुमच्याच शास्त्रात तयार आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांपैकी रुग्ण किती दिवस स्वतःच्या घरी होता, हे मोजण्याची पद्धत पक्षाघाताच्या संशोधनात काही वर्षं वापरली जाते. डिस्चार्जच्या क्षणी हो की नाही विचारण्यापेक्षा ती कितीतरी खरी आहे. घरी जाऊन परत आलेला तिच्यात लपत नाही. उशिरा गेला पण टिकला, तोही दिसतो. तुमची सूत्रं हे भाकीत करायला शिकू देत. त्यासाठी ९०व्या दिवशी एक फोन करावा लागेल. तो फोन आम्हाला आला नाही, आणि आमच्या वॉर्डातल्या ज्या तीन कुटुंबांशी माझा अजून संपर्क आहे त्यांनाही आला नाही.

अंदाजाची दुसरी बाजूही मी त्याच वॉर्डात पाहिली, तीही सांगितली पाहिजे. कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या. वाचा गेलेली, एकट्या राहणाऱ्या, लघवीला नळी. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या भाच्याला सांगितलं गेलं की यांचं घरी जाणं कठीण, दुसरी सोय बघा. कदाचित तो अंदाज अगदी योग्य असेल. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर त्यांच्या खाटेशी थेरपिस्टचं थांबणं कमी होत गेलं. बाबांना दिवसातून दोनदा उभं करत, त्यांना दोन-तीन दिवसांतून एकदा. हे कुणी दुष्टपणाने केलं नाही. माणसं कमी, रुग्ण जास्त, मग जिथे फळ दिसतं तिथे हात वळतात. पण मग आजी घरी गेल्या नाहीत यावरून अंदाज खरा ठरला असं म्हणता येईल का? की अंदाजानेच ते घडवलं?

मेंदूतल्या रक्तस्रावाच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने हा धडा घेतलेला आहे. सुरुवातीलाच ‘काही उपयोग नाही’ असं ठरवून उपचार आखडते घेतले की रुग्ण दगावतो, आणि मग आकडे सांगतात की अशा रुग्णांचं काही खरं नसतं. म्हणून अमेरिकेतल्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनी, रुग्णाची आधीपासून तशी इच्छा नोंदलेली नसेल तर, ‘हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन करू नये’ असा नवा निर्णय किमान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत लांबणीवर टाकायला सांगितलं. पुनर्वसनातही असं काही हवं. घरी जाण्याच्या अंदाजावरून कुणाचा व्यायाम कमी करायचा नाही. अंदाज वाईट असेल, तर त्याचं कारण शोधायला त्याचा उपयोग करा. लघवीची नळी आज काढून पाहता येईल का? एकट्या राहणाऱ्या बाईजवळ रात्री कुणी राहू शकेल का? वाचा गेली आहे, पण खुणांनी, चित्रांच्या पाटीने मदत मागायला शिकवता येईल का? वय बदलता येत नाही, झटक्याची जागा बदलता येत नाही. पण तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत. ज्या सूत्रातून ‘नाही’ एवढंच बाहेर पडतं आणि ‘कशामुळे नाही’ ते कळत नाही, ते सूत्र कितीही अचूक असलं तरी वॉर्डात काय कामाचं?

आणि कधी कधी खरोखरच घरी जाणं शक्य नसतं. तेव्हा तेही सांगा, वेळेवर सांगा. आम्ही रडू, कदाचित तुमच्यावर चिडूही. पण शेवटच्या दोन दिवसांत कळण्यापेक्षा तीन आठवडे आधी कळलेलं बरं. घरी न नेणं म्हणजे टाकून देणं, असं आम्हाला वाटत असतं. ते तसं नाही, हे ऐकायला आम्हाला तुमच्याच तोंडून बळ मिळतं.

बाबांचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. खुब्याचं ऑपरेशन झालं, पुन्हा पुनर्वसन झालं, आणि ८३व्या दिवशी ते परत घरी आले. या वेळी आधी घर तयार केलं. पलंगाचे पाय कापून तो इतका खाली घेतला की बसल्यावर बाबांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. कमोडची खुर्ची पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवली, कारण उजवीकडे त्यांचं लक्षही असतं आणि हातही चालतो. डावीकडून पलंग भिंतीला लावला. रात्री साडेआठनंतर पाणी कमी केलं, ते डॉक्टरांना विचारून. आठवड्यातल्या चार रात्री एक मदतनीस येतो, दोन रात्री मी किंवा भाऊ प्रवास करून जातो, एक रात्र आईची. त्या एका रात्रीसाठी ती दुपारी झोपून घेते.

फिममध्ये तो आकडा अजून ५च आहे.

पहिल्या ९० दिवसांचा हिशोब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडला. पहिल्या खेपेच्या ११ रात्री, दुसऱ्या खेपेच्या ७. एकूण १८. तुमच्या वहीत बाबांच्या नावापुढे ही संख्या लिहायला जागा करून घ्याल का? मला फोन केलात तर पुढच्या रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायला मी येईन. आईही येईन म्हणते. फक्त राउंडच्या वेळी नको, असं तिने सांगितलं आहे.

आपली,
एका रुग्णाची मुलगी